वहीत शेवेचं वेगळं पान

मागच्या जानेवारीत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस लिहिणं-वाचणं बंद सांगितलं, तेव्हा घरातली हिशेबाची वही माझ्याकडे आली. म्हणजे सहज नाही आली. १९८३ साली लग्न होऊन इंदूरला आली तेव्हापासून आई रोजचा खर्च लिहिते, जुन्या वह्या अजून कपाटाच्या खालच्या खणात आहेत, आणि ती वही दुसऱ्याच्या हातात देणं तिला किती जड गेलं ते मी बघितलंय. काळा चष्मा लावून पलंगावर बसायची आणि सांगायची, "लिही, कोथिंबीर दहा." मी म्हटलं आई दहा रुपये काय लिहायचे, तर म्हणाली "मग काय फ्रीज घेशील तेव्हाच लिहिणार का?"

काम पंधरा दिवसांचं होतं, आता वर्ष झालंय. आईला आता स्वच्छ दिसतं, पण वही परत मागत नाहीये. तिला मजा येतेय बहुतेक.

आम्ही राजेंद्र नगरात राहतो, पाच माणसं, आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. बायको शाळेत शिकवते, मी एका खाजगी ऑफिसात आहे, म्हणजे दोन पगार, तरी वीस-बावीस तारीख आली की अकाउंटकडे बघवत नाही. तर वर्षभर लिहिल्यावर मला जे कळलं ते जरा उलटंच आहे. आपण ज्याला ज्याला बचत म्हणतो ना, त्यातल्या निम्म्या गोष्टी कागदावर मांडल्या की बचत निघतच नाहीत, खर्च निघतात. आणि ज्यात खरंच पैसे वाचतात त्या इतक्या कंटाळवाण्या आहेत की त्याबद्दल कोणी कौतुकाने बोलत नाही.

सियागंजचंच घ्या. इंदूरच्या माणसाला लहानपणापासून माहीत असतं की किराणा सियागंजमधून घ्यायचा, होलसेलचं मार्केट आहे, कॉलनीतल्या दुकानापेक्षा स्वस्त पडतं. पडतंच. एप्रिलमध्ये आमची यादी मी आधी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून काढून घेतली, ५,२०० च्या आसपास झाली, तीच सियागंजात ४,७१० ला मिळाली. चारशे नव्वद वाचले म्हणून मी खूश. मग घरी येऊन आईसमोर वही उघडली तर आईने एकेक विचारायला सुरुवात केली. पेट्रोल किती? पार्किंग? एवढ्या लांब गेलोच आहोत तर राजवाड्यापर्यंत जाऊ असं मुलं म्हणाली, तिथे कचोरी, शिकंजी, बायकोने सेलमधल्या दोन कुर्त्या घेतल्या (तिचं म्हणणं की त्या लागणारच होत्या, मी इथे वाद घालत नाही). टोटल १,१३०. चारशे नव्वद वाचवायला अकराशे तीस घालवले आणि वर रविवार गेला.

आता मी तीन महिन्यांतून एकदा जातो, एकटा, कामाच्या दिवशी सकाळी, ऑफिसला जायच्या आधी, हातात यादी. आणि फक्त जास्त घेतल्यावर फरक पडतो तेवढंच आणतो, तूरडाळ, तांदूळ, चहा, कपड्यांचा साबण, तेलाचा डबा. बाकी सगळं कोपऱ्यावरून. कोपऱ्यावरचा किराणावाला दोन रुपये जास्त घेतो पण रात्री नऊ वाजता पाव किलो रवा देतो आणि पैसे उद्या द्या म्हणतो, त्याचीही काही किंमत आहे की नाही.

तेलावरून आठवलं, बाटली घेताना लिटर आणि ग्रॅम नीट बघत जा. एक लिटर सोयाबीन तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आता दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या बाटल्या-पाउच बघा, दिसायला सगळे एक लिटरचे, पण कोणी ८५० ग्रॅम, कोणी ८०० ग्रॅम, आणि स्वस्त वाटतो तो नेमका कमी वजनाचा असतो. मी तर दोन वर्षं ज्याला स्वस्त ब्रँड समजत होतो तो ग्रॅमच्या हिशेबाने महाग निघाला. आजकाल पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भावही छापलेला असतो, तो वाचायचा. साबण, बिस्किट, चहापत्ती, सगळीकडे. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच असतं हे पण खरं नाही, बरेचदा दहा रुपयेवालं छोटं पाकीट परवडतं. चष्मा मात्र बरोबर न्यावा लागतो.

गव्हाची गोष्ट जरा लांब आहे. माळव्यात राहून पाकिटातलं पीठ आणायचं म्हणजे आईच्या दृष्टीने पाप आहे. पण बाबा गेल्यापासून वर्षाचा गहू भरणं बंद पडलं होतं, पाच-सहा वर्षं आम्ही पिठाची पाकिटंच आणत होतो. दोन वर्षांपूर्वी परत सुरू केलं. दोन क्विंटल लोकवन. (हे नाव वन-जंगलातून आलेलं नाहीये बरं का, गुजरातमध्ये सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने काढलेली गव्हाची जात आहे, लोक-१, त्या वनचं लोकवन झालं. मला चाळिशीत कळलं.) शरबती पण बघितला होता, पोळी सुंदर होते, पण भाव ऐकून परत ठेवला.

पहिल्या वर्षी चोख फजिती झाली. गहू आणला, गच्चीवर एक दिवस ऊन दाखवलं, आणि संध्याकाळी गरमागरम तसाच कोठीत भरून झाकण लावलं. आई म्हणत होती थांब, गार होऊ दे, रात्रभर पसरून ठेव, पण मला मॅच बघायची होती. गरम धान्य बंद कोठीत घामेजतं, ओल धरतं, आणि पाऊस सुरू झाला की किडे. ऑगस्टमध्ये कोठी उघडली तर वरून सोंडे चालत होते. चाळून, निवडून, परत उन्हात घालून बराच वाचवला, पण पंचवीस किलो तरी फेकावा लागला, म्हणजे सातशे-आठशे रुपये, आणि बायकोचे दोन रविवार. गेल्या वर्षी नीट केलं, मेच्या उन्हात दोन दिवस, मग रात्रभर गार, मग एरंडेल हाताला लावून लावून चोळलं, मध्ये मध्ये वाळलेल्या कडुनिंबाचा पाला. एकही किडा नाही. हिशेब असा: गहू ३१ रुपये ५० पैसे किलो, चक्कीवाल्याचे चार, म्हणजे साडेपस्तीस. पाकिटातलं पीठ आम्हाला पंचेचाळीसला पडत होतं. दोन क्विंटलवर एकोणीसशे रुपये. वर्षाचे. ऐकायला काही फार नाही, एका संध्याकाळच्या हॉटेलिंगमध्ये जातात एवढे, पण पोळी इतकी मऊ राहते की मुलं डबा संपवून आणतात, आणि उरलेला डबा फेकणं बंद झालं ते वहीत कुठल्या पानावर लिहायचं मला कळत नाही.

आता शेव.

इथे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं की इंदूरच्या घरात शेव हा फराळाचा पदार्थ नाहीये. पोह्यावर शेव, वरणभातावर शेव, भाजी कमी पडली तर शेवेची भाजी, आणि काहीच नसलं तर नुसती मुठीत. माझी पुण्याची आतेबहीण आली की हसते, "तुम्ही श्रीखंडावर पण घालाल." (आमच्या मराठीला पण हसते, आम्ही पोळी "बनवतो" म्हणून.) आईच्या वहीत शेवेला पहिल्यापासून वेगळं पान आहे, किराण्यात धरत नाही ती. मी वर्षाची बेरीज केली तर ९,३६० रुपये. नऊ हजारांची शेव! महिन्याला तीन किलो, लसूणवाली, २६० रुपये किलो.

मी लगेच जाहीर केलं की शेव घरी करायची. बेसन किलोभर, तेल, ओवा, लसूण, तिखट, गॅस सगळं धरून घरची शेव किलोला १३० ला पडली. निम्मी किंमत! बायको म्हणाली छान, पण सोऱ्या तुम्ही फिरवायचा. फिरवला. सव्वा किलो शेव झाली, आणि चार दिवसांत संपली. बाजारची शेव सव्वा किलो बारा दिवस जाते. घरची आहे ना, ताजी आहे ना, मग कोणी हात आवरत नाही, शेजारी पण वाटीभर पाठवली गेली, त्यांनी वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून गाजर हलवा पाठवला, मग त्यावरून गाजरं आणली. त्या महिन्यात शेवेच्या पानावर एक हजार चाळीस रुपये चढले. पुढच्या महिन्यापासून बाजारचीच, पण दर रविवारी अर्धा किलो, ठरलेल्या स्टीलच्या डब्यात, आणि डबा बुधवारी संपला तर संपला. आता महिन्याला दोन-सव्वादोन किलोत भागतं. धाकटा डब्यावर पेनाने खूण करतो की कोणी किती खाल्ली. पोलीस झालाय.

ह्या सगळ्यापेक्षा मोठं भोक मात्र फोनमध्ये होतं. आई रोख खर्च करायची म्हणून तिच्या वहीत सगळं यायचं, माझे पैसे फोनवरून जातात आणि ते मला संध्याकाळी आठवतच नव्हते. नोव्हेंबरचं स्टेटमेंट डाउनलोड केलं, बसून मोजलं. महिन्यात १३१ वेळा स्कॅन केलेलं. त्यातले ८८ शंभरच्या आतले. पोहे तीस, चहा पंधरा, चहा पंधरा, पान, परत पोहे. त्या अठ्ठ्याऐंशींची बेरीज ४,८७०. मी एक महिना दळणाचे चार रुपये वाचवत होतो आणि इकडे चहा-पोह्यात पाच हजार. लाजच वाटली. आता सोमवारी पाचशे रुपये खिशात घेतो, शंभरच्या आतलं काहीही असलं तर नोटेने द्यायचं, संपले की संपले. नोट मोडताना हाताला कळतं, स्कॅन करताना नाही कळत. सुट्ट्या पैशांवरून दुकानदार वैतागतात, "भिया, फोन पे कर दो ना", तर मी म्हणतो फोन बंद आहे.

दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या अ‍ॅपचं पण तेच. रात्री दही संपलं की दही पस्तीस रुपयांचं, पण इतक्या छोट्या ऑर्डरला वेगळी फी, हँडलिंगची वेगळी, ती वाचवायला म्हणून चिप्स, आइस्क्रीम, दोनशेची ऑर्डर होते. पस्तीसच्या दह्यासाठी! आणि कोथिंबीर विकत. ठेल्यावर भाजी घेतली की भाजीवाली मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या आपल्याआप टाकते, आम्ही पैसे देऊन कोथिंबीर घ्यायला लागलो म्हणून आईने ते "कोथिंबीर दहा" इतक्या जोरात लिहायला लावलं होतं हे मला नंतर लक्षात आलं. अ‍ॅप काढून नाही टाकलं, बायको म्हणाली मूल आजारी पडलं तर रात्री लागतं, बरोबर आहे तिचं. फक्त तिच्या फोनमध्ये ठेवलं, माझ्यातून काढलं.

भाजीत एक गोष्ट मात्र चांगली जमली. चोइथराम मंडी आमच्यापासून जवळ, पण तिथे पाव-पाव किलो कोण देणार, मोठ्या मापाने घ्यावं लागतं. मग बिल्डिंगमधली पाच घरं मिळून शनिवारी पहाटे जातो, आळीपाळीने एका घरातला माणूस. सध्या मटार आहे, गेल्या आठवड्यात वीस किलो आणला, घरी येऊन तराजूवर वाटे केले. ठेल्यावर जो भाव चालू आहे त्याच्या निम्म्यात पडला. संध्याकाळी पाची घरातल्या बायका आणि मी असे गच्चीवर बसून सोलत होतो, गप्पा रंगल्या, आई खुर्ची टाकून बसली होती आणि नासके दाणे कोणाच्या ढिगात जास्त आहेत ते सांगत होती. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग गार पाण्यात, निथळून पिशव्या भरून फ्रीजरमध्ये. जूनपर्यंत बघायला नको. फ्रीजर तसाही रिकामाच चालतो.

कांद्याचं पोतं पण असंच आणलं होतं, त्यातला पाव भाग सडला, ते परत करणार नाही.

आता मीटर, माझा आवडता विषय, बायको म्हणते आजार. आमच्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे (आधी इंदिरा गृह ज्योती नाव होतं), महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत राहिला तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत. पण १५० च्या वर गेलात की ती सवलत त्या महिन्यापुरती गेली, पूर्ण बिल साध्या दराने. मागच्या मार्चमध्ये आमचे १५३ झाले. तीन युनिट! आदल्या महिन्याच्या बिलाशी लावून बघितलं तर जवळपास साडेपाचशेचा फरक. तीन युनिटसाठी साडेपाचशे, म्हणजे जगातली सगळ्यात महाग वीज आम्ही जाळली. त्या दिवसापासून मी रोज सकाळी दात घासता घासता मीटर बघतो, दिवसाला सरासरी पाच युनिट, तेवढंच डोक्यात ठेवायचं.

कुठे काय जातं ते एकदा समजून घेतलं की सोपं आहे. वॅट गुणिले तास, भागिले हजार, झाले युनिट. गीझर दोन हजार वॅटचा, अर्धा तास चालला की एक युनिट. आमच्याकडे सहा वाजता चालू व्हायचा आणि शेवटची आंघोळ साडेआठला, मधल्या वेळात पाणी गार होणार, तो परत तापवणार. आता पाठोपाठ आंघोळी, पावणेसात ते साडेसात, मग बटण बंद. जुने पंखे पंचाहत्तर वॅटचे, त्यातले जास्त चालणारे दोन बदलून बीएलडीसीवाले, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, लावले, ते तीस वॅटच्या आसपास घेतात, दिवसाला चौदा तास धरले तर दोन पंख्यांचे महिन्याला अडतीस युनिट वाचतात. पंखा महाग आहे, पण ऑक्टोबर आणि मार्च ह्या काठावरच्या महिन्यांत त्यानेच वाचवलं. एलईडी तर सगळ्यांकडे झाले. पाण्याच्या टाकीला वॉल्व्ह लावला, कारण नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, नळ आला की सगळे मोटर लावून विसरतात आणि टाकी वाहत राहते, वीज पण गेली आणि तिकडे नर्मदाकाठच्या जलूदहून डोंगर चढवून आणलेलं पाणी पण गटारात. आरओचं फेकलं जाणारं पाणी बादलीत, फरशीला.

मे-जूनमध्ये मी हार मानतो. आई सांगते पूर्वी माळव्यातल्या रात्री अशा होत्या की मेमध्ये गच्चीवर चादर लागायची, ते खरं असेल, आता कूलर रात्रभर आणि एसी दोन तास, दीड टनचा एसी तासाला सव्वा युनिटच्या आसपास खातो. त्या दोन महिन्यांत मीटरकडे बघतच नाही.

गॅसचं थोडक्यात सांगतो कारण ते आईचं खातं आहे. सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख. चौतीस दिवस जायचा तो आता त्रेचाळीस-चव्वेचाळीस जातो. डाळ-तांदूळ आधी भिजवायचे, कुकरमध्ये एकावर एक तीन डबे, वरण, भात आणि वरच्यात बटाटे, शिट्टी झाली की आच बारीक (बायकोला मोठ्या आचेची सवय होती, आईने एकदाही बोलून दाखवलं नाही, फक्त येता-जाता बटण फिरवायची). ज्योत पिवळी दिसली की बर्नर काढून सुईने भोकं साफ. साय साठवून घरचं तूप, दीड लिटर दुधावर महिन्याला सहाशे-सातशे ग्रॅम निघतं, बाजारचं तूप आम्ही दोन वर्षांत आणलं नाही.

सगळ्यात जास्त पैसे जिथे वाचले ती गोष्ट तीन वर्षं आधी करायला हवी होती. आईच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या. महिन्याला ६८० रुपये जायचे. जन औषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, त्याच गोळ्या, तेच सॉल्ट (आतलं मूळ औषध), तेवढेच मिलिग्रॅम, १६० ला मिळतात. मी आपल्या मनाने नाही बदलल्या, डॉक्टरांना चिठ्ठी दाखवली, त्यांनी सॉल्टचं नाव लिहून दिलं आणि पंधरा दिवसांनी बीपी बघू म्हणाले, बघितलं, ठीक होतं. कधी कधी एखादी गोळी नसते तिथे, म्हणून संपायच्या आठ दिवस आधी जायचं. वर्षाला सहा हजारांवर वाचले आणि ह्यात ना किडे पडले ना सोऱ्या फिरवावा लागला. मी इतके दिवस का नाही विचारलं माहीत आहे? केमिस्ट ओळखीचा आहे, वाईट वाटेल म्हणून.

मुलांच्या पुस्तकांचं तर बोलूच नका. शाळेने यादी दिली आणि अमुकच दुकानात मिळेल असंही सांगितलं, सेट बघून मी दोनदा पाकीट चाचपलं. एनसीईआरटीची पुस्तकं स्वस्त असतात, पैसे लागतात ते बाकीच्या चकचकीत पुस्तकांना. खजूरी बाजारात जुनी मिळाली काही, आणि बाकी वरच्या वर्गातल्या मुलाच्या आईकडून बायकोने आणली, आमची खालच्या वर्गात दिली. लेकीची अट एकच होती, आधीच्या मुलाने मिशा काढलेल्या असल्या तर चालतील, उत्तरं लिहिलेली नकोत.

तर आज २४ तारीख. आमचं रीडिंग २८ ला होतं. आत्ता मीटर बघून आलो, ह्या महिन्याचे १२९ झालेत, म्हणजे चार दिवस आणि एकवीस युनिट, दिवसाला सव्वापाच, जमत होतं. दुपारी पुण्याहून फोन आला, आतेबहीण, तिचा नवरा आणि मुलगी उद्या सकाळी येतायत, तीन दिवस. इंदूरची थंडी, सराफा आणि छप्पन दुकानातलं खाणं, सगळं बघायचंय. मी आईला नुसतं म्हटलं, आई, गीझर... तर म्हणाली, "पाहुण्यांना गार पाण्याने घालणार का आंघोळ?" आणि वही माझ्या हातातून घेऊन पाहुण्यांचं पान उघडलं, तारीख टाकली. स्वतःच्या हाताने, वर्षानंतर पहिल्यांदा. अक्षर पूर्वीसारखंच आहे.

शेव रविवारची वाट न बघता आजच आणायची आहे. एक किलो.